रोमेनियाच्या चौथ्या आर्मीचा इतिहास वाचायचाय? मग आधी एक वही घ्या

एखाद्या देशाच्या सैन्यातल्या एकाच आर्मीचा इतिहास म्हणजे सोपं काम, असं मला आधी वाटलं होतं. नंबर धरायचा, १९१६ पासून सुरू करायचं आणि सरळ वाचत यायचं. रोमेनियाच्या चौथ्या आर्मीने मला दुसऱ्याच दिवशी तोंडघशी पाडलं, कारण ही आर्मी १९१६ ला दिसते, १९१७ ला गायब होते, १९४१ ला परत उगवते, १९४२ ला जवळपास संपते, १९४४ ला एका बाजूने लढत असते आणि महिन्याभरात दुसऱ्याच बाजूने लढताना सापडते, आणि हे सगळं एकाच नंबराखाली. म्हणून मी जशी वाट काढली तशी इथे लिहितोय. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आर्मीलाही हीच पद्धत चालते, पण चौथी सगळ्यात नाठाळ आहे, ती जमली की बाकीच्या जमतात.

सगळ्यात आधी डोक्यातून एक गोष्ट काढून टाका. आर्मीचा नंबर म्हणजे दारावरची पाटी. आतली माणसं, डिव्हिजन (काही हजार सैनिकांच्या मोठ्या तुकड्या), तोफा, सगळं बदलतं, पाटी तेवढी तीच राहते, आणि कधीकधी पाटी काढून माळ्यावर टाकतात न् वीस-पंचवीस वर्षांनी परत लावतात. रेजिमेंटचं तसं नसतं, तिची परंपरा असते, झेंडा असतो, ठरलेलं गाव असतं. फील्ड आर्मी हे मुळात एक मुख्यालय असतं, म्हणजे एक जनरल, त्याचा स्टाफ, टेलिफोनच्या तारा आणि नकाशे, आणि त्याच्या हाताखाली त्या महिन्यात जे दोन-चार कोअर (म्हणजे काही डिव्हिजनचे गट) दिले असतील ते. त्यामुळे "चौथी आर्मी इथे लढली" असं वाचलं की लगेच विचारायचं, त्या आठवड्यात तिच्यात होतं कोण?

त्यासाठी वही. आडवं पान, पाच रकाने: तारीख, ठिकाण, कमांडर, वर कोण, समोर कोण. "वर कोण" हा रकाना लोक गाळतात आणि तिथेच फसतात. ते पुढे दाखवतो.

तारखेपासून सुरुवात करा, कारण पहिल्या महायुद्धात रोमेनियात जुनं ज्युलियन कॅलेंडर चालू होतं, आपल्या नेहमीच्या कॅलेंडरच्या १३ दिवस मागे. नवीन कॅलेंडर त्यांनी १९१९ च्या एप्रिलमध्ये घेतलं. त्यामुळे रोमेनिया युद्धात उतरला ती तारीख एका ठिकाणी १४ ऑगस्ट १९१६ दिसेल आणि दुसरीकडे २७ ऑगस्ट, आणि दोन्ही बरोबर. डॅन्यूब नदीवरचा तुर्तुकायाचा किल्ला पडला ती तारीख २४ ऑगस्ट पण आहे आणि ६ सप्टेंबर पण. मी सुरुवातीला दोन्ही तारखा वहीत दोन वेगळ्या लढाया म्हणून लिहिल्या होत्या, आणि अर्धा दिवस शोधत बसलो की पडलेला किल्ला मधल्या तेरा दिवसांत परत घेतला कोणी. तर नियम असा, १९१९ च्या आधीची प्रत्येक तारीख नवीन कॅलेंडरमध्ये करून लिहायची आणि बाजूला बारीक अक्षरात जुनी.

आता पहिलं पान भरू. १९१६ ला रोमेनियाने आठ लाखांच्या वर माणसं मोबिलाइज केली आणि चार आर्म्या उभ्या केल्या. पहिली जनरल कुल्चेरकडे, दुसरी आवेरेस्कुकडे, या दोघी दक्षिण कार्पेथियन डोंगरांच्या खिंडींवर. तिसरी जनरल आस्लानकडे, ती डॅन्यूब आणि काळ्या समुद्राकडचा दोब्रुजा प्रांत सांभाळायला. आणि चौथी जनरल कॉन्स्टांटिन प्रेझानकडे, पूर्व कार्पेथियनच्या खिंडींतून ट्रान्सिल्व्हेनियात घुसायला. ट्रान्सिल्व्हेनिया तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, तिथे बहुसंख्य लोक रोमेनियन, आणि रोमेनिया युद्धात उतरला तो मुख्यतः त्यासाठीच. पहिली सापळ्याची जागा इथेच आहे, कारण या चौथ्या आर्मीला बऱ्याच ठिकाणी नुसतं "उत्तरेची आर्मी" म्हणतात. दोन वेगळ्या नाहीत, एकच आहे. वहीत दोन्ही नावं लिहून ठेवा.

सुरुवातीचे दिवस बरे गेले, खिंडी ओलांडल्या, गावं घेतली. पण ६ सप्टेंबरला दक्षिणेला तुर्तुकाया पडलं, २५ हजारांच्या वर रोमेनियन सैनिक कैद झाले, आणि राजधानी बुखारेस्टमध्ये घबराट उडाली. उत्तरेकडची सैन्यं काढून दक्षिणेला पाठवायला सुरुवात झाली. म्हणजे चौथी आर्मी तिच्या स्वतःच्या समोरच्या शत्रूमुळे नाही अडली, तर शेकडो किलोमीटर लांब डॅन्यूबवर जे झालं त्यामुळे. म्हणून मी म्हणतो की एका आर्मीचा इतिहास वाचताना शेजारच्या आर्मीचं पान उघडं ठेवायचं. तिसऱ्या आर्मीचा कमांडर बदलला, आवेरेस्कुला दुसऱ्या आर्मीतून उचलून तिकडे पाठवलं, त्याने ऑक्टोबरच्या सुरुवातीला फ्लमिंदाला डॅन्यूब ओलांडून शत्रूच्या मागे जायचा प्रयत्न केला, तो काही दिवसांत सोडून द्यावा लागला, मग गडी परत दुसऱ्या आर्मीत. एका पावसाळी महिन्यात एवढी उलथापालथ.

६ डिसेंबर १९१६ ला बुखारेस्ट जर्मनांच्या हाती पडलं. सरकार ईशान्येकडच्या मोल्दाव्हियात, याश शहरात. आणि इथे चौथी आर्मी वहीतून गायब होते. पुढच्या उन्हाळ्यात मरश्ती, मरशेश्ती, ओइतुझ या तीन मोठ्या लढाया आहेत, तिन्ही रोमेनियन माणसाला तोंडपाठ असतात, पण त्यात नाव दिसतं ते पहिल्या आणि दुसऱ्याच आर्मीचं. मग चौथी कुठे गेली? नष्ट झाली का? तर नाही. त्या हिवाळ्यात टायफसने सैन्य आणि नागरिक दोन्ही पटापट मरत होते, आणि त्याच हिवाळ्यात फ्रेंच जनरल बर्तलोच्या मिशनच्या मदतीने सगळं सैन्य नव्याने बांधलं गेलं, १५ डिव्हिजन, नव्या रायफली, नवं ट्रेनिंग, आणि एवढ्या माणसांना चार मुख्यालयं लागत नव्हती म्हणून दोनच ठेवली. पाटी माळ्यावर गेली, एवढंच.

असं कधी झालं, म्हणजे आर्मी नाहीशी झाली, की तिचा नाद सोडायचा आणि माणसाचा माग काढायचा. प्रेझान कुठे गेला? आधी बुखारेस्ट वाचवायच्या लढाईत आर्मी ग्रुपचा प्रमुख, मग डिसेंबर १९१६ पासून पूर्ण सैन्याच्या मुख्यालयाचा प्रमुख. म्हणजे चौथ्या आर्मीचं डोकं वर गेलं आणि अंग बाकीच्यांत वाटलं गेलं. आणि प्रेझानच्या स्टाफमध्ये एक तरुण ऑफिसर होता, प्लॅन आखण्यात एकदम तेज, त्याचं नाव इयोन आंतोनेस्कु. हे नाव वहीत लाल पेनाने लिहा, कारण २५ वर्षांनी देशाचा हुकूमशहा म्हणून चौथ्या आर्मीला रशियात पाठवणारा तोच.

मधली वर्षं झटकन ओलांडली तरी चालतील, फक्त १९४० वर थांबा. त्या एका उन्हाळ्यात जूनच्या शेवटी बेसाराबिया आणि उत्तर बुकोव्हिना हे प्रांत सोव्हिएतांनी घेतले, ३० ऑगस्टला उत्तर ट्रान्सिल्व्हेनिया हंगेरीला गेलं, क्लुझ शहरासकट, आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण दोब्रुजा बल्गेरियाला. एकही लढाई न होता. पुढची सगळी युद्धं या तीन तुकड्यांभोवती फिरतात, त्यामुळे १९४० च्या आधीचा आणि नंतरचा असे दोन नकाशे वहीत चिकटवाच, नाहीतर १९४४ चं काही कळणार नाही. आणि गावांची नावं! क्लुझ म्हणजेच कोलोझव्हार म्हणजेच क्लाउझेनबुर्ग, रोमेनियन, हंगेरियन आणि जर्मन अशी तीन नावं एकाच शहराला, आणि जो लिहितो तो आपलंच नाव लिहितो. शेवटच्या पानावर गावांची यादी करा, तीन नावं शेजारी शेजारी.

१९४१. रोमेनिया आता जर्मनीच्या बाजूने, सोव्हिएतांविरुद्ध. तिसरी आर्मी जनरल पेत्रे दुमित्रेस्कुकडे, चौथी जनरल निकोलाए चुपर्काकडे. चौथीने जुलैमध्ये प्रुत नदी ओलांडली, बेसाराबिया परत घेतलं, इथपर्यंत रोमेनियन सैनिकाला कळत होतं की आपण का लढतोय. पण आंतोनेस्कु बेसाराबियाच्या पलीकडच्या हद्दीवर, नीस्टर नदीवर थांबला नाही, चौथ्या आर्मीला पुढे सोव्हिएतांच्या ओदेसा बंदरावर पाठवलं, ऑगस्टच्या सुरुवातीपासून १६ ऑक्टोबरपर्यंत वेढा चालला. चुपर्काने सांगितलं की डिव्हिजन थकल्यात, असे हल्ले परवडणार नाहीत, तर ९ सप्टेंबरला त्यालाच काढलं आणि याकोबिचीला आणलं. शेवटी सोव्हिएत सैन्य समुद्रमार्गे निघून गेलं आणि रिकाम्या झालेल्या शहरात रोमेनियन शिरले.

ओदेसाच्या नुकसानीच्या आकड्याबद्दल एक सांगतो. तुम्हाला "९० हजारांच्या वर" असा आकडा दिसेल आणि लोक तो मेलेल्यांचा म्हणून पुढे ढकलतात. तो मृत, जखमी आणि बेपत्ता मिळून आहे, त्यातले मृत १८ हजारांच्या आसपास. हे कमी नाहीच, पण वेगळं आहे. युद्धाचा कुठलाही आकडा वहीत घेताना त्याच्या पुढे मृत, जखमी, बेपत्ता, कैदी यातलं काय ते लिहिल्याशिवाय पेन उचलायचं नाही.

आणि इथून लगेच पुढच्या पानावर जायचं नाही. सैन्याचे इतिहास बरेचदा १६ ऑक्टोबरला विजय लिहून १९४२ वर उडी मारतात. २२ ऑक्टोबरला ओदेसातल्या रोमेनियन मुख्यालयात स्फोट झाला, सोव्हिएतांनी जाताना सुरुंग पेरून ठेवला होता, त्यात जनरल ग्लोगोजानु आणि बरेच अधिकारी मेले. त्याचा बदला म्हणून पुढच्या दोन-तीन दिवसांत रोमेनियन सैन्याने शहरातल्या हजारो ज्यूंना गोळ्या घातल्या, गोदामांत कोंडून जाळलं. बळी २० हजारांच्या वर. हे कोणा वेगळ्या टोळीने केलेलं नाही, हुकूम वरून आले आणि अंमल याच सैन्याने केला. तेव्हा दुसऱ्या कोअरचा कमांडर असलेला जनरल मचिच १९४४ ला पहिल्या आर्मीचा प्रमुख म्हणून जर्मनांविरुद्ध लढताना दिसतो, आणि १९४५ ला ओदेसाच्या हत्याकांडासाठी त्यालाच शिक्षा होते. रकाने भरले की अशी माणसं आपोआप डोळ्यासमोर येतात, नुसती गोष्ट वाचली की निसटतात.

आता स्टालिनग्राड, आणि तो "वर कोण" रकाना. नोव्हेंबर १९४२ ला दोन रोमेनियन आर्म्या शहराच्या दोन बाजूंना. तिसरी वायव्येला डॉन नदीवर, चौथी दक्षिणेला, खाऱ्या तळ्यांच्या ओसाड माळावर, कमांडर जनरल कॉन्स्टांटिनेस्कु-क्लाप्स. १९ तारखेला तिसऱ्यावर हल्ला आला, २० ला चौथ्यावर, २३ ला दोन सोव्हिएत जबडे एकत्र मिळाले आणि जर्मन सहावी आर्मी आत अडकली. हे सगळ्यांना माहीत असतं. पण दक्षिणेच्या या रोमेनियन डिव्हिजन प्रत्यक्षात जर्मन जनरल होथच्या चौथ्या पँझर (म्हणजे रणगाड्यांच्या) आर्मीच्या हाताखाली होत्या, रोमेनियन मुख्यालयाकडे सूत्रं पूर्ण जायची होती तोवर हल्ला आलाच. म्हणून जर्मन बाजूने लिहिलेलं वाचलं तर "चौथी पँझर आर्मी फुटली" आणि रोमेनियन बाजूने वाचलं तर "चौथी आर्मी फुटली", आणि आपण बसतो विचार करत की दोन चौथ्या का एकच. दोन आहेत, पण मेलेली माणसं बरीचशी तीच आहेत. पुढे सोव्हिएतांचा चौथा युक्रेनियन फ्रंट (फ्रंट म्हणजे त्यांच्याकडे अनेक आर्म्यांचा गट) पण येतो, त्यामुळे नुसता "४था" हा शब्द वहीत बंदच करा, दरवेळी देशाचं नाव लावा.

फुटली का, हे समजायला एका डिव्हिजनजवळ जाऊन उभं राहायला लागतं. चौथ्या आर्मीकडे पाच पायदळ आणि दोन घोडदळ डिव्हिजन, त्याही आधीच्या लढायांत झिजलेल्या, आणि आघाडी दोनशे किलोमीटरच्या वर. सपाट माळ, झाड नाही, खंदकाला लाकूड नाही. रणगाड्यांविरुद्ध ज्या तोफा होत्या त्यातल्या बहुतेक ३७ आणि ४७ मिलिमीटरच्या, घोड्यांनी ओढायच्या, सोव्हिएत टी-३४ रणगाड्यावर त्या समोरून मारल्या तर गोळा आपटून उडायचा. जरा कामाच्या ७५ मिलिमीटरच्या जर्मन तोफा डिव्हिजनमागे सहाएक. सहा तोफा, वीस-तीस किलोमीटर लांबीच्या रेषेवर, धुक्यात. हे गणित केलं की "रोमेनियन पळाले" हे जर्मन जनरलांचं आवडतं वाक्य जरा वेगळं ऐकू यायला लागतं. रोमेनियन वरिष्ठांनी धोक्याची सूचना बऱ्याच आधीपासून दिली होती, पण राखीव रणगाडे आले ते थोडे आणि उशिरा. दोन्ही आर्म्यांचं मिळून नुकसान दीड लाखाच्या आसपास, परत सांगतो, मृत, जखमी, बेपत्ता धरून.

यानंतर १९४३ चं पान जवळपास कोरं राहील, राहू द्या, मुख्यालय मागे जाऊन परत बांधणी.

१९४४ चं पान मात्र दोन भागांत करा, मध्ये जाड रेघ मारा आणि रेघेवर लिहा: २३ ऑगस्ट. रेघेच्या वर चौथी रोमेनियन आर्मी याशजवळ, जर्मन आठव्या आर्मीबरोबर जनरल व्योलरच्या ग्रुपमध्ये. २० ऑगस्टला सोव्हिएत हल्ला, आघाडी फुटली. २३ ला राजा मिहायने बुखारेस्टच्या राजवाड्यात आंतोनेस्कुला अटक केली आणि रात्री रेडिओवर देशाला सांगितलं की युद्ध थांबतंय. रेघेच्या खाली "समोर कोण" रकान्यात जर्मन आणि हंगेरियन, "वर कोण" रकान्यात सोव्हिएत दुसरा युक्रेनियन फ्रंट, त्याचा प्रमुख मालिनोव्स्की. माझ्या वहीत व्योलर आणि मालिनोव्स्की ही दोन नावं एका बोटाच्या अंतरावर आहेत. पण मधले वीस दिवस विसरू नका. शस्त्रसंधीवर सही झाली ती १२ सप्टेंबरला मॉस्कोत, तोवर सोव्हिएत सैन्याने एक लाखाहून जास्त रोमेनियन सैनिकांना कैदी करून नेलं, जे त्यांच्या समजुतीने आता कोणाशी लढतच नव्हते. म्हणजे बाजू बदलली हे एका रात्रीत झालं असं लिहिणं चूक, राजाच्या भाषणात एका रात्रीत, खंदकातल्या माणसासाठी तीन आठवड्यांत.

मग चौथी आर्मी जनरल गेओर्गे आव्रामेस्कुच्या हाताखाली ट्रान्सिल्व्हेनियात. सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तुर्दा आणि मुरेश नदीवर चिवट लढाई, ११ ऑक्टोबरला क्लुझ, २५ ऑक्टोबरला कारेई, आणि या २५ ऑक्टोबरलाच रोमेनियात आजही आर्मी डे असतो. प्रेझानच्या चौथ्या आर्मीला १९१६ ला जे करायचं होतं ते २८ वर्षांनी झालं, आणि दुसऱ्याच दिशेने येऊन.

सोव्हिएतांनी त्यांना तिथे थांबू दिलं नाही. हंगेरी, मग स्लोव्हाकियाचे डोंगर, बर्फात, "वर कोण" मध्ये आता सोव्हिएत ४० वी आर्मी. २ मार्च १९४५ ला स्लोव्हाकियातल्या दिविन गावाजवळ आव्रामेस्कुला सोव्हिएत मुख्यालयात बैठकीसाठी बोलावलं. गेला तो परत आला नाही. अटक झाली होती. सोव्हिएतांनी नंतर सांगितलं ते असं, की दुसऱ्या दिवशी नेताना गाडीवर हवाई हल्ला झाला आणि तो मेला. माझ्या वहीत कमांडरच्या रकान्यात त्या तारखेला त्याचं नाव खोडलेलं आहे आणि खाली त्याच्या जागी आलेला जनरल दस्कलेस्कु, मध्ये एक रिकामी ओळ सोडलीये. जिंकणाऱ्या आर्मीचा कमांडर मित्रानेच उचलून नेला, ही ओळ बऱ्याच जुन्या इतिहासांत नुसतीच "कमांड बदलली" म्हणून येते, कारण कम्युनिस्ट काळात यापेक्षा जास्त लिहिणं शक्यच नव्हतं. "बदली", "पुनर्रचना", "आजारपण" असे शब्द जिथे दिसतील तिथे पेन्सिलने गोल करा, त्यातले काही खरे असतात, काही नसतात.

जाताजाता, मे १९४५ पर्यंत चेकोस्लोव्हाकियात खोलवर गेलेल्या दोन रोमेनियन आर्म्यांचं या दुसऱ्या बाजूच्या, जर्मनांविरुद्धच्या लढाईतलं एकूण नुकसान (मृत, जखमी, बेपत्ता धरून) १ लाख ७० हजारांच्या घरात आहे. स्टालिनग्राडच्या आकड्याशेजारी ठेवून बघा.

युद्धानंतरच्या पानांना फार वेळ नका देऊ. राजाला डिसेंबर १९४७ ला गादी सोडावी लागली, सैन्य सोव्हिएत पद्धतीने नव्याने रचलं, आर्म्यांच्या जागी मिलिटरी रिजन (लष्करी विभाग) आले, मग परत आर्म्या, नंबर इकडचे तिकडे. इथे नंबरावर अजिबात विश्वास ठेवू नका, गाव धरा. १९८९ ला कम्युनिस्ट राजवट उलथवणारी क्रांती झाली तेव्हाचं चित्र लक्षात ठेवलं तरी पुरे: पहिली आर्मी बुखारेस्टला, दुसरी बुझाउला, तिसरी क्रायोव्हाला, चौथी क्लुझला. या चौथीला ट्रान्सिल्व्हेनिया असंच नाव होतं. मग सैन्य लहान होत गेलं, आर्मीची कोअर झाली, कोअरची डिव्हिजन, आणि आज क्लुझला आहे ती चौथी पायदळ डिव्हिजन, नाव जेमिना, प्राचीन रोमनांच्या १३ व्या लीजन (सैन्यदल) जेमिनावरून, जिचा तळ तिथून जवळच आजच्या आल्बा युलियाला होता. २००४ पासून रोमेनिया नाटोत आहे, तेव्हा वहीच्या शेवटच्या ओळीत "वर कोण" मध्ये तेच लिहा, आणि समोर कोण हा रकाना रिकामा सोडा.